'वादग्रस्त पक्ष' असं लिहिणं बरोबर आहे का?

अमळनेरच्या एका भाऊंनी विचारलंय की बातमीत सरळ 'वादग्रस्त पक्ष' लिहितात ते बरोबर आहे का, आणि वादग्रस्त नि विवादास्पद यात फरक काय.

आधी फरक. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त म्हणतो तसंच. पेपरात जाहीर नोटीस येते ना, अमुक गट नंबरची मिळकत वादग्रस्त आहे, कोणी खरेदी करू नये, तिथे हा शब्द एकदम फिट बसतो, कारण दोघं भांडताहेत आणि निकाल लागायचाय. विवादास्पद मधलं आस्पद म्हणजे जागा, म्हणून विधान, निर्णय, विधेयक यांना तो बरा. पण रोजच्या वापरात दोन्ही चालतात.

पक्षाचं मात्र वेगळं आहे भाऊ. विधान वादग्रस्त म्हटलं की वाचक विचारतो कोणतं विधान, काय बोलला, आणि बातमीला ते द्यावं लागतं. आख्खा पक्षच वादग्रस्त म्हटला की कोणी काही विचारत नाही, वाद कशावरून, कोणाशी, कोर्टात आहे की नुसता चॅनलवर, सगळं त्या एका विशेषणात बुडून जातं. आणि हे विशेषण वाटताना हात सारखा नसतो. क्रियापदं बघा ना, एका पक्षाचा नेता 'म्हणाला' किंवा 'टीका केली', दुसऱ्याचा तसंच काही बोलला की 'बरळला', 'गरळ ओकली', 'मुक्ताफळं उधळली'. भाषण न ऐकताच वाचकाचं मत तयार. अहिराणीत आपण नुसतं 'तो असं म्हणस' म्हणतो आणि पुढे त्याचे शब्द सांगतो, बातमीला तेवढंच पुरतं.

हे शिक्के टिकतही नाहीत. टिळक १९०७ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात म्हणाले होते की मवाळ आणि जहाल हे शब्द काळाशी बांधलेले आहेत, आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. आपल्या फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच काँग्रेसला सरकारने १९३२ मध्ये बेकायदा ठरवलं होतं, म्हणजे तेव्हाच्या सरकारी भाषेत तीही वादग्रस्तच.

आता कायद्याचं. राज्यघटनेच्या १९(१)(क) ने बोलण्याचं स्वातंत्र्य दिलंय आणि १९(२) मध्ये त्यावर वाजवी निर्बंध कशासाठी घालता येतात ते एकेक करून लिहिलंय: देशाची एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परदेशांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, कोर्टाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. वादग्रस्त असणं हे कारण त्यात कुठेही नाही. चिथावणी दिली असेल तर चिथावणी लिहा, कलम लिहा, गुन्हा दाखल झालाय की सिद्ध झालाय तेही लिहा.

शब्दावरून किती अडतं त्याचं उदाहरण २०२४ च्या लोकसभेचं आहे. मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर प्रचाराला फुकट वेळ मिळतो, तिथे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते सीताराम येचुरी यांच्या इंग्रजी भाषणातले काही शब्द काढायला लावले, 'दिवाळखोरी' च्या जागी 'अपयश' घालायला लावलं, आणि येचुरींनीच सांगितलं की त्याच भाषणाच्या हिंदी भाषांतराला काही हरकत घेतली नाही. मी त्यांच्या पक्षाचा नाही, पण दिवाळखोरी हा शब्द प्रत्येक विरोधी पक्ष प्रत्येक सरकारला वापरत आलाय, तो वापरायची मुभा सगळ्यांना पाहिजे, ज्यांचं बोलणं मला अजिबात पटत नाही त्यांनाही.

म्हणून माझं उत्तर असं की व्याकरणात 'वादग्रस्त पक्ष' चूक नाही, पण बातमीत टाळा. त्याऐवजी 'अमुक मागणीवरून टीका झालेला पक्ष' किंवा 'ज्याच्या अमुक सभेला परवानगी नाकारली तो पक्ष' असं लिहा, दोनचार शब्द वाढतात, वाढू द्या. 'वादग्रस्त नेता' ला पण हेच लागू. अग्रलेखात मात्र लेखकाने स्वतःचं मत म्हणून खुशाल लिहावं, ती जागाच मताची आहे.