गोदाकाठच्या थरातला दातेरी काटा: जीवाश्म मासा कसा ओळखायचा?

निफाडच्या पुढे, गोदावरीच्या दरडीतल्या गोटे-वाळूच्या घट्ट थरातून बोटभर लांबीचा दातेरी काटा आणि वाटाण्याएवढ्या दोन चकत्या तुम्हाला मिळाल्या. मासा कोणता, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला भूशास्त्र शिकवतो, हे थर फिरून पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चकत्यांची दोन्ही तोंडं खोलगट असतील आणि आत गोल वलयं दिसत असतील, तर ते माशाचे मणके. सापाच्या मणक्याला एकीकडे खोबण आणि दुसरीकडे गोळा असतो. नुसत्या मणक्यावरून जात सांगण्याचा हट्ट मात्र धरू नका.

खरी माहिती काट्यात आहे. भिंगाखाली टोक राहू द्या, बूड बघा. बूड डावं-उजवं सारखं नसेल, एका अंगाला कंगोरा पुढे आलेला असेल, तर तो शिंगाळ्यासारख्या मिशीवाल्या माशाचा छातीच्या पराचा काटा. त्याच कंगोऱ्याच्या आधाराने मासा काटा ताठ करून अडकवतो. जाळ्यातून शिंगाळा सोडवताना हात फाटलेल्या मासेमाराला हे वेगळं सांगावं लागत नाही. बूड दोन्हीकडे सारखं आणि मधोमध आरपार भोक असेल, तर काटा पाठीवरचा.

पण मागच्या कडेला पन्हळ आणि तिच्या दोन्ही काठांवर दात्यांच्या ओळी असतील, तर सावध व्हा. एवढा मोठा असा काटा बहुधा सायप्रिनसचा, म्हणजे कॉमन कार्प या बाहेरून आलेल्या माशाचा. हा मासा भारतात आणला तो १९३९ च्या सुमारास. म्हणजे तुमचा काटा जुन्या थरातला नाही, पुराच्या गाळाबरोबर दरडीला चिकटलेला आहे.

म्हणून माझं ठाम मत आहे की माशाआधी थर ओळखा. गोदावरीच्या जुन्या गाळातून नामशेष हत्तीचे अवशेष मिळाल्याचं भूशास्त्रज्ञ पिलग्रिमने १९०५ सालीच लिहिलंय, तेव्हा आशा धरायला जागा आहे. मात्र काठाला पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची मातीही असते. नाशिकच्या मातीच्या गढीवर पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं. अशा जुन्या वस्त्यांत माणसांनी खाऊन टाकलेली हाडंही नदीत वाहून येतात. तापलेली सुई टेकवल्यावर केस जळल्याचा वास आला, तर हाड फार जुनं नाही. वास आला नाही म्हणून ते लगेच प्राचीन ठरत नाही, हेही लक्षात ठेवा.

तुलनेसाठी बाजारातून शिंगाळा, मरळ, वाम, रोहू आणा, उकळून हाडं सुटी करा आणि प्रत्येकावर नाव लिहून ठेवा. रोहूच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. चाळणीत सापडणारे सुटे दात पुष्कळदा तेच असतात. मरळीच्या जबड्यात मात्र टोकदार दात दिसतील.

जागा नांदूरमधमेश्वर अभयारण्याच्या हद्दीत येत असेल, तर वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका. आत्ता दरडीचा पट्टी ठेवून काढलेला फोटो, थराची उंची आणि काट्याच्या बुडाचे दोन बाजूंनी फोटो एवढं जमवा, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये प्राचीन हाडांचा अभ्यास करणाऱ्यांना दाखवा. बुडाचा फोटो इथे टाकलात तर मीही बघतो.