तरंगंबाडीचे चर्च आणि तंजावरचे भोसले

प्रश्न : तंजावरचा राजवाडा पाहून आम्ही समुद्रकाठच्या तरंगंबाडीस गेलो. तेथील जुन्या लुथरन चर्चच्या दर्शनी भिंतीवर डेन्मार्कच्या राजाची मुकुटांकित मुद्रा आहे. मुलूख भोसल्यांचा, मग ही मुद्रा कशी? आपल्या कोल्हापूरचे वायल्डर मेमोरियल चर्चही याच पंथाचे काय?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. 1852 मध्ये कोल्हापुरात आलेले रॉयल वायल्डर अमेरिकन होते आणि त्यांचे मिशन पुढे प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले.

तरंगंबाडीची जागा मुळात भोसल्यांनी दिलेली नव्हे. तंजावरच्या रघुनाथ नायकाने 1620 मध्ये करार करून ती डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना वार्षिक खंडाने दिली आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतल्यावर तो खंड भोसल्यांच्या खजिन्यात जाऊ लागला. तटाच्या आत कारभार डेन्मार्कचा, जमिनीचे धनी तंजावरकर. हे नाते नेहमी गोडीगुलाबीचे होते असेही नाही. 1699 मध्ये तंजावरच्या फौजेने गावाला वेढा घातला होता.

1706 मध्ये राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले त्सिगेनबाल्ग आणि प्लुटशाऊ हे दोन जर्मन धर्मोपदेशक येथे उतरले. गंमत अशी, की राजाने पाठवलेली ही माणसे राजाच्याच किल्लेदाराला खुपली आणि त्याने त्सिगेनबाल्ग यांना काही महिने कैदेत ठेवले. गावात युरोपियनांसाठी 1701 चे झायन चर्च होतेच. तमिळ ख्रिस्तींसाठी 1707 मध्ये बांधलेले चर्च समुद्राने नेले, तेव्हा 1718 मध्ये क्रुसाच्या आकाराचे न्यू जेरुसलेम चर्च उभे राहिले. आपण पाहिलेले ते हेच, आणि त्यावरील मुद्रा आश्रयदात्या फ्रेडरिकची आहे. तिचा जमिनीच्या मालकीशी संबंध नाही. पुढच्याच वर्षी वारलेल्या त्सिगेनबाल्ग यांची कबर आत वेदीपुढे आहे.

मराठी वाचकाने आवर्जून पाहावे असे शिल्प मात्र तंजावरातच आहे. याच मिशनमधून आलेल्या श्वार्ट्झ यांच्यावर तुळजाराजांनी आपले दत्तकपुत्र सर्फोजी यांच्या पालनाची जबाबदारी सोपवली होती. श्वार्ट्झ 1798 मध्ये निवर्तल्यावर सर्फोजीराजांनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले : गुरू मृत्युशय्येवर आहेत, राजाने त्यांचा हात हाती घेतला आहे, आणि सोबत सर्फोजींनी स्वतः रचलेल्या इंग्रजी ओळी कोरल्या आहेत. सर्फोजी स्वतः अखेरपर्यंत हिंदूच राहिले. हे स्मारक शिवगंगा बागेलगतच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये असून राजवाड्यापासून ते फारसे लांब नाही.