थंडाईतली खसखस आणि फेल्प्सचं पोस्टर

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेचा गोलंदाज रबाडा २०२५ ची आयपीएल अर्धवट सोडून घरी गेला. नशेच्या चाचणीत सापडला होता म्हणे. महिन्याची बंदी भोगली आणि लगेच परत खेळायला. आपला पैलवान नरसिंग यादव मात्र चार वर्षं बाहेर! आमच्या कट्ट्यावर यावरून रोज वाजतंय. (मंगळवार पेठ)

उत्तर : दोघांच्या नमुन्यात सापडलेला माल वेगळा होता. नरसिंगच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे ताकद वाढवणारं स्टेरॉइड निघालं. कुणीतरी मुद्दाम मिसळलं, असं तो सांगत राहिला. देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेनं ते मानलं, पण २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधल्या त्याच्या कुस्तीच्या ऐन तोंडावर आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं मानलं नाही. स्टेरॉइड घेऊन आखाड्यात उतरणारा समोरच्या पैलवानाला फसवतो, म्हणून शिक्षा मोठी.

रबाडानं घेतलेला पदार्थ मौजेचा होता, तसं त्यानंच जाहीर केलं. कोकेन, हेरॉइन, एमडीएमए आणि गांजातलं नशा आणणारं टीएचसी या चार पदार्थांसाठी जागतिक डोपिंगविरोधी संहितेत २०२१ पासून वेगळा कप्पा आहे. स्पर्धेबाहेर घेतलं आणि खेळात त्याचा फायदा उठवायचा नव्हता, हे खेळाडूनं सिद्ध केलं तर तीन महिने बंदी. व्यसनावरचे उपचार पूर्ण केले तर एकच महिना. हा कप्पा नव्हता तेव्हा टेनिसपटू मार्टिना हिंगीसला विम्बल्डन २००७ च्या नमुन्यातल्या कोकेनच्या अंशासाठी दोन वर्षं मिळाली. तिनं घेतल्याचं कायम नाकारलं, पण एकेरीतली कारकीर्द तिथंच थांबली. नियम बदलला ते बरंच झालं, असं माझं मत. व्यसनाला डॉक्टर लागतो, फासावर चढवून ते सुटत नाही.

आणि कट्ट्यावर रबाडाचा निकाल लावताना किती जणांच्या गालात मावा असतो, तेही एकदा मोजा. निकोटिन बंदीच्या यादीत नाही, त्यावर नुसती नजर ठेवतात. नशीब म्हणायचं.

प्रश्न : मुलगा तालमीत आहे, यंदा राष्ट्रीय स्पर्धेला जाईल. थंडाई बंद करावी का? कुणी म्हणतं, खसखशीनंही चाचणीत सापडतो. (गंगावेश)

उत्तर : कॉलेजात असताना मीही वर्षभर तालमीत जायचो. कुस्ती वर्षात सुटली, थंडाई सुटली नाही. कुंडीत बदाम, मगज, बडीशेप, मिरी आणि भिजवलेली खसखस घोटायची, वर म्हशीचं दूध. त्यामुळे हा प्रश्न माझ्या पोटातलाच.

खसखस अफूच्याच बोंडातलं बी. तिला मॉर्फिनचा अंश चिकटलेला असू शकतो आणि तो लघवीत उतरतो. स्पर्धाकाळातली मर्यादा मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम. चमचाभर खसखशीनं सहसा तिथवर पोहोचत नाही, पण कुठल्या पोत्यातल्या खसखशीत किती मॉर्फिन, ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. स्पर्धेच्या आठवड्यात खसखस वगळा, बाकी थंडाई तशीच चालू द्या.

भांग मात्र लांबच ठेवा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात भांगेची पानं ‘गांजा’च्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून पोरांना वाटतं चालतंय. पण पानातही टीएचसी असतंच. ते चरबीत मुरतं आणि रोज घेणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे दिसतं. मर्यादा मिलिलिटरला १५० नॅनोग्रॅम, आणि ‘स्पर्धाकाळ’ सुरू होतो आदल्या रात्री ११:५९ ला. पेला कधी रिकामा केला हे कुणी विचारत नाही, बाटलीत काय उतरलं तेवढंच बघतात.

खरी भीती मला दुसरीच. बिनलेबलाच्या डब्यातली पावडर आणि ‘व्यायामाला दम येतो’ म्हणून टोचलं जाणारं मेफेंटरमाइन. भूल दिल्यावर रक्तदाब कोसळला तर आम्ही डॉक्टर ते वापरतो, तेसुद्धा नजर मॉनिटरवर ठेवून. पोरं जिमच्या बाथरूममध्ये टोचून घेतात! मुलाची बॅग एकदा तपासाच.

प्रश्न : लेक तेरा वर्षांची, पोहते. खोलीत फेल्प्सचं पोस्टर आहे. त्याचा गांजा ओढतानाचा फोटो तिला वर्गातल्या मुलानं दाखवला. पोस्टर काढू का? (राजारामपुरी)

उत्तर : राहू द्या. मात्र फोटोची सगळी गोष्ट तिला तुम्हीच सांगा. बीजिंगला २००८ मध्ये त्यानं आठ सुवर्णपदकं घेतली (आपला विरधवल खाडेही त्याच ऑलिम्पिकमध्ये पोहला). त्यानंतर एका पार्टीत तो फोटो निघाला आणि २००९ च्या फेब्रुवारीत छापून आला. चाचणीत तो सापडला नव्हता, पोलिसांनी गुन्हाही नोंदवला नाही. तरी अमेरिकेच्या जलतरण संघटनेनं तीन महिने बाहेर बसवलं, केलॉग्ज कंपनीनं जाहिरातीचा करार वाढवला नाही. त्यानं चूक कबूल केली. पुढं नैराश्याबद्दलही तो उघड बोलला. पोस्टरवरच्या माणसाला असंही होऊ शकतं, हे तेरा वर्षांच्या मुलीला घरात कळलेलं बरं.

अमेरिकेची धावपटू शाकारी रिचर्डसनचंही सांगा. २०२१ च्या निवड स्पर्धेत शंभर मीटर जिंकली, पण चाचणीत गांजा सापडला म्हणून टोकियो ऑलिम्पिक हुकलं. जन्मदात्या आईच्या मृत्यूची बातमी तिला मुलाखतीत एका पत्रकाराकडून कळली होती, त्या धक्क्यात तिनं तो ओढला. निवड स्पर्धा झाली त्या ऑरेगन राज्यात गांजा कायदेशीर, पण शर्यतीच्या दिवशी तो अंगात चालत नाही. नियम माहीत होता, असं तीच म्हणाली. दोन वर्षांनी बुडापेस्टला १०.६५ सेकंदांत जगज्जेती झाली.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या फुटबॉल संघातल्या तेवीस वर्षांच्या मुलीचा बिअरचा ग्लास हातात असलेला फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतोय. तिला काढावं, असं काही सदस्य म्हणतात. (शिवाजी पेठ)

उत्तर : दारू बंदीच्या यादीत नाही. २०१७ अखेरपर्यंत तिरंदाजीसारख्या मोजक्या खेळांत होती, तिथूनही निघाली. मंडळाच्या मुलांचे असे फोटो निघाले तेव्हा बैठक बोलावली होती का? मुलगी सरावाला वेळेवर येते का, एवढं प्रशिक्षकाला विचारा. ती येत असेल, तर बैठकीत विषय एकच ठेवा : फोटो काढला कुणी आणि पहिल्यांदा पाठवला कुणी.