साइटवरचं सूत आणि ड्रॉइंगमधला मिलिमीटर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, सळई बांधणारा फिटर बोलतो सुतात, मिस्त्री इंचात आणि वाळू येते ब्रासमध्ये. हे सगळं बंद करून साइटवर फक्त मेट्रिक चालवू का, असं तू विचारलंस. मी पूर्णपणे मेट्रिकच्या बाजूचा आहे. हिशेब, ड्रॉइंग, ऑर्डर, बिल, सगळं मेट्रिकमध्येच हवं. पण फिटरच्या तोंडातलं सूत काढायला जाऊ नकोस. त्याचा हात त्या मापावर बसलेला आहे. आकडा एका एककातून दुसऱ्यात जातो, त्या जागी तू लक्ष ठेव. गोंधळ तिथेच होतो.

सळईचंच घे. एक सूत म्हणजे १/८ इंच, ३.१७५ मिमी. ‘चार सुती’ मागितली की १२ मिमीची सळई येते. गणिताने मात्र चार सूत १२.७ मिमी होतात. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे वजनाचं सूत्र तुला पाठ आहेच. १२ घातलेस तर मीटरमागे ०.८९ किलो, १२.७ घातलेस तर जवळजवळ १ किलो. म्हणजे १२ टक्के जास्त स्टील मागवलं जाणार! तीन सुतीचं उलट: सळई १० मिमीची, गणित ९.५ चं, वजन ९ टक्के कमी भरतं. पाच सुती (१५.८७५ आणि १६) जवळपास जुळते, म्हणून तिच्यावर पडताळून पाहणाऱ्याला सगळं बरोबर वाटतं. सुताचं मिमी करत बसू नकोस. कोणत्या सळईला साइटवर काय म्हणतात ते माहीत असू दे आणि शेड्यूलमध्ये (सळयांच्या यादीत) सरळ १२ लिही.

तो १६२ कुठून आला हेही एकदा स्वतः काढून बघ. स्टीलची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर, तिला π/४ ने गुण, व्यास मिमीत असल्यामुळे दहा लाखांनी भाग. ०.००६१६५ येईल, म्हणजेच १/१६२. त्या एका आकड्यात मिमी, मीटर आणि किलो तिन्ही दडलेले आहेत. फुटामागे वजन हवं असेल तर भाजक ५३२-५३३ च्या आसपास होतो. दोन्ही सूत्रं साइटवर फिरतात आणि कुणी एकक सांगत नाही.

कॉलेजात हे नीट शिकवत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या आपल्या भारतीय कोडमध्ये, काँक्रीटची फ्लेक्झरल स्ट्रेंग्थ (वाकताना तडा जाण्याआधी सोसलेला ताण) ०.७√fck आहे; fck म्हणजे काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद, मेगापास्कलमध्ये. तू अमेरिकन व्हिडिओ पाहतेस, तिथे ७.५√f'c दिसेल, ताकद पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच). एक मेगापास्कल म्हणजे १४५ पीएसआय, पण इथे वर्गमूळ आहे, म्हणून ७.५ ला १४५ ने नाही, त्याच्या वर्गमुळाने, १२ ने भागायचं, ०.६२ येतं आणि अमेरिकन कोडच्या मेट्रिक आवृत्तीत तेच आहे. (त्यांची f'c सिलिंडरच्या नमुन्यावर तपासलेली, आपली fck क्यूबच्या, हा फरक वेगळाच.) वर्गमूळ असलेलं सूत्र एकक पाहिल्याशिवाय कधीच उचलू नकोस.

आता लाइन-आउट, म्हणजे जागेवरची आखणी. स्लॅबची जाडी १२५ ऐवजी कुणी ‘पाच इंच’ म्हणालं तर फरक दोन मिमीचा, तिथे वाद घालू नकोस. पण ‘एक फूट म्हणजे ३०० मिमी’ धरून ३० फुटांचं अंतर टाकलं, तर ९.१४४ मीटरऐवजी ९ मीटर होतं. १४४ मिमी गेले! २३० च्या कॉलममध्ये ही निम्म्याहून जास्त जाडी झाली. छोट्या मापात चालतं म्हणून मोठ्यात चालेल असं समजू नकोस.

एक घटना सविस्तर सांगतो, कारण तिच्यातलं गणित तुझ्या गणितासारखंच साधं आहे. जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७, माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं. कॅनडा तेव्हा मेट्रिककडे वळत होता आणि हे विमान किलोत इंधन मोजणारं होतं. इंधनाचे गेज बंद होते, म्हणून टाकीत पट्टी लावून मोजलं: ७,६८२ लिटर. हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला सुमारे ०.८ ने गुणायचं, त्यांनी गुणलं १.७७ ने, हा आकडा पौंड प्रति लिटरचा होता. त्यामुळे टाकीत १३,५९७ ‘किलो’ असल्याचं निघालं. खरे होते सहा हजारांच्या आसपास. वीस हजार लिटर भरायचे तिथे पाच हजारही भरले नाहीत. ओटावात पुन्हा मोजलं, पण पुन्हा त्याच १.७७ ने. वाटेत दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पियर्सन यांना ग्लायडरचा अनुभव होता, म्हणून मॅनिटोबातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर विमान उतरलं आणि सगळे वाचले.

हे वाचताना माझं लक्ष दरवेळी ओटावाकडेच जातं. तपासणी झाली होती, पण ज्या आकड्याने चूक झाली त्याच आकड्याने. तुझ्या साइटवर कुणी ‘चेक केलंय’ म्हणालं, तर कशाने केलं ते विचार. मिमीतलं गणित फुटात पुन्हा करून बघ, किंवा निदान अंदाज घे: २३० × ४५० च्या बीममध्ये मीटरला १०० लिटरच्या आसपास काँक्रीट लागतं, हे तुझ्या डोक्यात हवं.

ब्रासबद्दल लवकर उरकतो. वाळू-खडीचा ब्रास १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, प्लास्टर-फरशीचा ब्रास १०० चौरस फूट. रजिस्टरमध्ये दोन्ही नुसतेच ‘ब्रास’ लिहिलेले असतात. आजपासून तू शेजारी घन की चौरस ते लिहायला लाव.

पहिल्या मजल्याचं बार बेंडिंग शेड्यूल गुरुवारपर्यंत पाठव. कटिंग लेंग्थच्या रकान्याच्या डोक्यावर मिमी की मीटर ते लिहिलंय ना, बघून पाठव.

तुझे सर