प्रश्न तुमचे : शेततळ्यातल्या शेवाळापासून डिझेल?

प्रश्न : माझ्याकडे ३० × ३० × ३ मीटरचे अस्तर टाकलेले शेततळे आहे. एका कंपनीचा माणूस म्हणतो, त्यात शेवाळ वाढवा, बायोडिझेलसाठी आम्ही हमीभावाने घेऊ. बियाणे आणि यंत्रासाठी आधी दोन लाख भरा. भरू का?
– एक शेतकरी, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भरू नका. दाट हिरव्या पाण्यात ऊन वीतभराच्या खाली उतरत नाही. म्हणून शेवाळाची तळी जेमतेम २०-३० सेंटिमीटर खोल ठेवतात आणि चाकाने पाणी सतत फिरवतात. तुमच्या तळ्याची खोली इथे कामाची नाही, फक्त ९०० चौरस मीटर पृष्ठभाग कामाचा. उघड्या तळ्यात चौरस मीटरला रोज १० ग्रॅम सुका माल धरला तर ९ किलो होतो. त्यात २० टक्के तेल, म्हणजे दिवसाला दोन लिटर!

आता खर्च बघा. लिटरभर पाण्यात शेवाळ साधारण अर्धा ग्रॅम, म्हणजे ९ किलोसाठी रोज १८,००० लिटर पाणी गाळायचे. पेशी काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्या कापडातून निसटतात, सेंट्रिफ्यूज म्हणजे गरगर फिरवून गाळ वेगळा करणारे यंत्र लागते. मग वाळवणे, तेल काढणे वेगळेच. युरिया रोज दीड किलोच्या आसपास, म्हणजे ४५ किलोची गोणी महिन्यात संपते. मे महिन्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडाले तरी ९,००० लिटर गेले. महिन्याचे पावणेतीन लाख लिटर होतात. तेवढ्यात एकरभर हरभऱ्याचे एक ओलीत निघून पाणी उरते. त्यात उथळ पाणी चाळिशीपर्यंत तापले की बऱ्याच जातींची वाढ थांबते.

माहितीपत्रकातले मोठे आकडे कुठून येतात, तेही समजून घ्या. नत्र तोडले की पेशीतले तेल वाढते, पण वाढ खुंटते. पत्रकात मात्र उपाशी शेवाळाच्या तेलाची टक्केवारी आणि भरपेट शेवाळाची वाढ यांचा गुणाकार केलेला असतो. दोन्ही एका तळ्यात एका वेळी मिळत नाहीत.

बाजाराची चर्चा खोटी नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात शेवाळाचा उल्लेख आहे, विमानांच्या जैवइंधनाचीही मागणी वाढते आहे. पण अमेरिकेचा सरकारी शेवाळ-इंधन कार्यक्रम १९७८ ते १९९६ चालून बंद झाला आणि २००९ मध्ये यात उतरलेली अमेरिकी तेल कंपनी एक्झॉनमोबिल २०२३ मध्ये बाहेर पडली. आज शेवाळात पैसा आहे तो स्पिरुलिना या खाण्याच्या शेवाळाची भुकटी, खाद्यरंग आणि ओमेगा-३ मध्ये. स्पिरुलिनात तेल नावालाच, प्रथिने भरपूर. तळ्यातले पाणी पिकाला किंवा मासळीला ठेवा.

प्रश्न : शाळेत मुलांना शेवाळ वाढवून दाखवायचे आहे. सोपी रीत सांगा.
– एक शिक्षिका, आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : २० लिटरचा पारदर्शक जार घ्या. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडायला रात्रभर उघडे ठेवा. त्यात २ ग्रॅम युरिया, १ ग्रॅम डीएपी विरघळवा. गुरांच्या हौदातले हिरवे पाणी बारीक कापडातून गाळून दोन लिटर ओता. मत्स्यटाकीचा हवापंप सुरू ठेवा, नाहीतर शेवाळ तळाशी बसून सडते. जागा सकाळच्या उन्हाची हवी, दुपारी सावली. आठ-दहा दिवसांत पाणी गर्द हिरवे होईल. मग पंप बंद करून ४ ग्रॅम तुरटी विरघळवून ढवळा. काही तासांत हिरवा गाळ खाली बसतो. तो वाळवला तर चमचा-दोन चमचेच भरेल. त्यातून तेल काढायला जाऊ नका, सॉल्व्हंट (तेल विरघळवणारी रसायने) लागतात आणि ते पेट घेतात.

हिरवे पाणी एकदोन दिवसांत अचानक निवळले तर भिंगातून बघा : बारीक ठिपके उड्या मारताना दिसले तर ते शेवाळ खाणारे पाणकिडे. जार गरम पाण्याने धुऊन पुन्हा सुरुवात करा.