बाटलीत रक्त किती होतं?

प्रिय डॉक्टर,

तुझी मेल वाचली आणि अँटिबायोटिक-प्रतिकारावरच्या तुझ्या प्रबंधाची एक्सेलची फाईलही उघडली. ४१ रकाने मोजले. आयपीडी (दाखल रुग्णाचा) नंबर, वय, लिंग, वॉर्ड, जंतूचं नाव, मग व्हायटेक मशीनने काढलेल्या एमआयसीची, म्हणजे जंतूची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या किमान मात्रेची, रांग. नमुना किती घेतला, कुठून घेतला, अँटिबायोटिक सुरू झाल्यावर कितव्या दिवशी घेतला, लॅबमध्ये किती तासांनी पोचला, यांचा एकही रकाना नाही. आणि मला विचारतोस, एनडीएमसाठी, म्हणजे मेरोपेनेमसारखी राखीव अँटिबायोटिकं निकामी करणाऱ्या एन्झाइमच्या जीनसाठी, पीसीआर (जीन शोधणारी चाचणी) करू की नको.

खरं तर मी उत्तर लिहायला बसले ते तुझ्या मेलच्या शेवटी ओझरत्या आलेल्या एका वाक्यामुळे. राउंडवर फिजिशियननी श्वासनळीतल्या नळीच्या नमुन्यात उगवलेल्या एका जंतूबद्दल विचारलं, ‘हा अ‍ॅसिनेटोबॅक्टर इन्फेक्शनचा आहे की नळीवर नुसता बसलाय?’ आणि तुझ्याकडे उत्तर नव्हतं. हे तू सहज लिहून पुढे पीसीआरच्या किटच्या किमतीकडे वळलास. तिथेच तुझी गाडी चुकली. उत्तर जीनमध्ये नव्हतं, नमुन्यात होतं. नमुना कसा घेतला, ते आधी विचार.

ब्लड कल्चरपासून (रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघणं) सुरुवात करू, कारण तुझ्या फाईलमधला सर्वांत तकलादू भाग तोच आहे. सेप्सिस झालेल्या प्रौढाच्या रक्तातसुद्धा दर मिलिलीटरला पुष्कळदा एखाददुसराच जिवंत जंतू असतो, कधी तोही नाही. म्हणून दर बाटलीत ८ ते १० मिली रक्त, एका सेटमध्ये दोन बाटल्या आणि दोन वेगळ्या शिरांतून दोन सेट. आपल्याकडे येते काय? २ मिली रक्त असलेली एकच बाटली, तीही मेरोपेनेमच्या तिसऱ्या दिवशी. ती मशीनमध्ये पाच दिवस गप्प राहते आणि आपण ‘नो ग्रोथ’ लिहून सही करतो. मशीन खोटं बोलत नाही. त्याला आपण काही दिलेलंच नसतं.

एकाच बाटलीचा दुसरा तोटा तुझ्या तक्त्यात ढळढळीत दिसतोय. कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस तू सरसकट ‘पॅथोजन’ (रोगकारक जंतू) म्हणून घेतलास. चारपैकी एकाच बाटलीत तो उगवला तर बहुधा कातडीवरचा. दोन वेगळ्या सेटमध्ये उगवला तर गंभीरपणे घ्यायचा. मुळात एकच बाटली आली असेल तर अर्थ लावायची सोयच उरत नाही, मग पुढे तू मेक-ए हा प्रतिकाराचा जीन शोध नाहीतर आख्खा जीनोम वाच. कातडी २ टक्के क्लोरहेक्झिडीन आणि ७० टक्के अल्कोहोलने अर्धा मिनिट घासायची, सुकू द्यायची आणि मग शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही. बाटलीचं प्लॅस्टिकचं टोपण काढल्यावर खालचं रबर निर्जंतुक असतं, अशी वॉर्डात पक्की समजूत आहे. नसतं. ते अल्कोहोलने पुसावं लागतं. कंटॅमिनेशन (कातडीवरच्या जंतूंची भेसळ) ३ टक्क्यांच्या वर गेलं तर आपल्या लॅबच्या रिपोर्टवर कुणी विश्वास का ठेवावा?

सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं) इन्फेक्शन ओळखायला लाइनमधलं आणि शिरेतलं रक्त एकाच वेळी घेतात. लाइनची बाटली निदान २ तास आधी पॉझिटिव्ह आली तर संशय लाइनवर. ही तुलना तू थिसिसमध्ये घेतली आहेस, छान. पण एका बाटलीत ९ मिली आणि दुसरीत ३ मिली रक्त असेल तर तो २ तासांचा फरक लाइनचा की रक्ताच्या मापाचा? पुन्हा तेच. बाटलीत रक्त किती होतं?

आता तुझा अ‍ॅसिनेटोबॅक्टर. आयसीयूत नळी असलेल्या रुग्णाच्या श्वासनळीतून ओढलेल्या स्रावात, म्हणजे ईटी अ‍ॅस्पिरेटमध्ये तो सापडणं ही बातमी नाही. आधी ग्रॅमची स्लाइड बघ. १०च्या ऑब्जेक्टिव्हखाली दर फील्डला १०पेक्षा जास्त स्क्वेमस (तोंडाघशाच्या अस्तरातल्या) पेशी दिसल्या तर तो नमुना घशातला, छातीतला नव्हे. ऑइल इमर्शनखाली २० फील्ड पाहूनही जंतू दिसला नाही तर कल्चरवर जे उगवेल त्याला फार भाव देऊ नकोस. नंतर मोजणी: अ‍ॅस्पिरेटला दर मिलिलीटरला निदान १ लाख जंतू, बीएएलला (फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रावाला) १० हजार. आणि आकडा हातात आला की फिजिशियनना उलट विचार: एक्स-रेवर नवीन सावली आहे का, ऑक्सिजन वाढवावा लागला का, स्राव बदलला का? आकडा आणि ही उत्तरं जुळली तरच ‘इन्फेक्शन’ हा शब्द तोंडातून काढ. मायक्रोबायॉलॉजिस्टने वॉर्डात पाय ठेवायचा नाही, असा नियम कुणी काढला मला माहीत नाही. मी तो कधी पाळला नाही आणि तूही पाळू नकोस.

लघवीचं थोडक्यात सांगते. पिशवीतली कधीही नाही, कॅथेटरच्या पोर्टमधून सुईने. खोलीच्या तापमानाला फार तर २ तास ठेवायची, फ्रिजमध्ये २४ तास. १ मायक्रोलीटरचा लूप असेल तर एक कॉलनी म्हणजे दर मिलिलीटरला १ हजार. मे महिन्यात सकाळी आठचा नमुना कलेक्शनच्या खिडकीत दुपारपर्यंत राहिला, तर तुझे ‘१ लाखाहून अधिक’ तिथेच, त्या डबीत, तयार झाले.

आणि टक्केवारी. एकाच रुग्णाचे सात अ‍ॅस्पिरेट, सातही वेळा तोच क्लेब्सिएला जंतू, आणि तू त्यांना सात मोजलंस. सीएलएसआय या लॅबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एम-३९ दस्तऐवजात नियम स्पष्ट आहे: त्या कालावधीतला, त्या रुग्णाचा, त्या जातीचा पहिला आयसोलेट (नमुन्यातून वेगळा काढलेला जंतू) फक्त, नमुना कुठलाही असो. आणि एका जातीचे ३० आयसोलेट झाल्याशिवाय टक्केवारी छापायची नाही. व्होनेट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ‘फर्स्ट आयसोलेट’ची गाळणी त्यात आहे, एका दुपारी शिकशील. जे बरे होत नाहीत तेच रुग्ण दीर्घकाळ राहतात, त्यांचेच नमुने पुन्हा पुन्हा येतात, म्हणून गाळणी नसली की प्रतिकाराचा आकडा फुगतो.

यावर गाळणीनेही न सुटणारी एक गोम आहे. तुमच्या रुग्णालयात कल्चर पाठवतात कधी? पहिलं औषध लागू पडलं नाही, दुसरंही नाही, तेव्हा. ज्यांचा ताप साध्या औषधाने उतरला ते तुझ्या छेदात कधी आलेच नाहीत. मग तुझा तक्ता सांगतो की सेफ्ट्रियाक्झोन निकामी, ते वाचून पुढच्या रुग्णाला पहिल्याच दिवशी मेरोपेनेम लागतं आणि पुढच्या वर्षीचा तक्ता खरोखर तसा होतो. म्हणून ‘कितव्या दिवशी घेतला’ हा रकाना मागतेय. दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आतले आणि नंतरचे असे दोन गट वेगळे काढलेस तरी तुझा प्रबंध कामाचा होईल.

बरं, तुझा पीसीआर. नको म्हणत नाही. आधी एमसीआयएम कर, म्हणजे जंतू मेरोपेनेम फोडतो का हे बघणारी डिस्कची चाचणी. २ मिली ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये १ मायक्रोलीटरचा लूपभर जंतू, त्यात १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क, ३५ अंशांना ४ तास. मग डिस्क काढून ई. कोलाय २५९२२ हा प्रमाण जंतू पसरलेल्या म्युलर हिंटन अगारवर ठेव. डिस्कभोवती १५ मिमीपर्यंतचा झोन (जंतू न उगवलेली जागा) म्हणजे कार्बापेनेमेज, मेरोपेनेमच्या गटाची औषधं फोडणारं एन्झाइम, आहे; १९ किंवा जास्त म्हणजे नाही. शेजारच्या नळीत ०.५ मोलर ईडीटीए २० मायक्रोलीटर घातलंस की ईसीआयएम. झोन ५ मिमी किंवा जास्त वाढला तर मेटलो (धातूवर चालणारं कार्बापेनेमेज), म्हणजे आपल्याकडे बहुधा एनडीएम. खर्च डिस्कांचा. पण ज्या क्लेब्सिएलामध्ये एनडीएम आणि ओएक्सए-४८ (धातूशिवाय चालणारं कार्बापेनेमेज) दोन्ही असतात तिथे ईडीटीएने एकाला अडवलं तरी दुसरा डिस्क खातोच, आणि ईसीआयएम खोटा निगेटिव्ह येतो. पीसीआरचा पैसा तिथे घाल. सेफ्टाझिडीम-अ‍ॅव्हिबॅक्टम ओएक्सए-४८वर चालतं, एनडीएमवर चालत नाही. दोन्ही असतील तर अ‍ॅझ्ट्रिओनाम जोडावं लागतं. हे उत्तर रुग्णाच्या कामाचं आहे. अ‍ॅसिनेटोबॅक्टरवर मात्र एमसीआयएम करू नकोस, ती पद्धत त्याच्यासाठी नाही. कोलिस्टिनची डिस्क तर लावूच नकोस: तो मोठा रेणू अगारमध्ये नीट पसरतच नाही. त्याच्यासाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (औषध ब्रॉथमध्ये पातळ करत जाऊन बघणं), दुसरं काही नाही.

आणि या एनडीएमचा जन्मच बघ ना. २००९ मध्ये त्याचं वर्णन आलं ते स्वीडनमधल्या एका रुग्णाच्या लघवीतल्या क्लेब्सिएलावरून. तो त्याआधी नवी दिल्लीत रुग्णालयात होता, म्हणून नावात दिल्ली आली, आणि २०१० मध्ये त्या नावावरून केवढा गदारोळ झाला. जीनच्या नावातच नमुन्याचा पत्ता आहे! तुझ्या ४१ रकान्यांत तेवढाही पत्ता नाही.

मला ‘सँपल परत पाठवणारी बाई’ म्हणतात हे तुझ्या कानावर असेलच. म्हणू देत. सीएसएफ (पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी), टिश्यू, ऑपरेशनमधला पू कधी परत पाठवू नये. ते पुन्हा मिळत नाहीत, रिपोर्टवर शेरा लिहून लावायचे. पण लाळेला थुंकी म्हणून प्लेटवर पसरायचं आणि त्यावर २२ औषधांचा तक्ता छापायचा, हे मी करणार नाही. केलं की कुणीतरी त्या तक्त्यावर उपचार करतं. मी कडवट आहे असं वाटत असेल तर वाटो. माझ्या नावावरचे काही जुने लेख मी आज विद्यार्थ्यांना वाचायला देत नाही, आणि कारण तंत्राचं नाही, नमुन्याचंच आहे.

सिनॉप्सिस (प्रबंधाचा मंजूर आराखडा) बदलावा लागेल अशी भीती आहे तुला. शीर्षक तेच राहू दे. नमुन्याचे चार रकाने प्रोफॉर्मात (माहितीच्या फॉर्मात) वाढवायचे आहेत. गाईडना विचारून एथिक्स कमिटीला दुरुस्तीचं पत्र दे. आतापर्यंतचे आयसोलेट १५ ते २० टक्के ग्लिसरॉलच्या ब्रॉथमध्ये उणे ७० अंशांना ठेव, पीसीआर सहा महिन्यांनीही होईल. जुन्या नमुन्यांची माहिती केस पेपरमधून मिळेल तेवढी भर, मिळणार नाही तिथे ‘नोंद नाही’ असं लिही. अंदाजाने भरलेलं मला लगेच कळतं.

या आठवड्यात एवढंच कर. लॅबमधल्या काट्यावर रक्त न भरलेल्या २० ब्लड कल्चर बाटल्यांचं वजन घे, लेबलवर बारकोड न झाकता लिही आणि आयसीयूतल्या सिस्टरांकडे दे. वजन का लिहिलंय ते त्यांना सांगू नकोस, नाहीतर त्या २० पुरत्याच सगळ्या नीट भरतील. परत आल्या की मशीनमध्ये लावण्याआधी पुन्हा वजन कर. जेवढे ग्रॅम वाढले त्याला १.०६ ने भाग, तेवढे मिलिलीटर रक्त. २० आकडे पाठव. सरासरी काढू नकोस, सुटे पाठव.