तीन भ्रूणं, एक पॅकेज आणि कर्जाचा विचार

प्रश्न : माझं वय ३७. आयव्हीएफमध्ये दोनदा ट्रान्सफर झालं, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडलं, दोन्ही वेळा भ्रूण रुजलं नाही. तीन भ्रूणं अजून गोठवलेली आहेत. पुढच्या वेळी लेझर हॅचिंग, एम्ब्रिओ ग्लू आणि भ्रूणांच्या गुणसूत्रांची तपासणी असं पॅकेज घ्या, असं सेंटर म्हणतंय. पॅकेजचा खर्च जवळपास आणखी एका ट्रान्सफरएवढा आहे. पर्सनल लोन काढावं, की निवृत्तीची गुंतवणूक मोडावी?

उत्तर : सध्या दोन्ही नको. दोनदा ‘निगेटिव्ह’ ऐकल्यावर समोर येईल त्याला हो म्हणावंसं वाटणारच. म्हणून आधी हे पॅकेज सुटं करून घ्या आणि तिन्हींचे दर वेगवेगळे लिहून मागा.

रुजण्याआधी भ्रूणाला स्वतःच्या कवचातून बाहेर पडावं लागतं. हॅचिंगमध्ये त्या कवचाला लेझरने छोटी वाट करून देतात. कल्पना पटते, पण त्यामुळे बाळ घरी येण्याची शक्यता वाढते हे सिद्ध झालेलं नाही. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं २०१३ मध्येच याची शिफारस करत नसल्याचं स्पष्ट केलं. तुमच्याच भ्रूणांत डॉक्टरांना काही ठोस कारण दिसत नसेल, तर हा खर्च वगळा.

ग्लूचं तसं नाही. नावात ग्लू असला तरी तो गोंद नव्हे. हायलुरोनन हा शरीरातही आढळणारा पदार्थ जास्त असलेल्या या द्रवात भ्रूण ट्रान्सफरआधी काही वेळ ठेवतात. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात यामुळे जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण वाढल्याचा मध्यम दर्जाचा पुरावा दिसला. त्याच आढाव्यात जुळ्यांचं प्रमाणही वाढलेलं होतं, आणि एकाहून जास्त भ्रूणं सोडली जाणं हे त्याचं संभाव्य कारण होतं. म्हणून ग्लू घ्या, पण एका वेळी एकच भ्रूण सोडा. जुळी बाळं बरेचदा दिवस भरण्याआधी जन्मतात. नवजात अतिदक्षता विभागातले काही आठवडे आणि आईची लांबलेली रजा, यांनी भले भले हिशेब कोलमडतात.

राहिली तपासणी. पॅकेजमधला सगळ्यात जड खर्च बहुधा हाच असेल. ती भ्रूण सुधारत नाही, फक्त निवडायला मदत करते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,२१२ स्त्रियांच्या चाचणीत, तीन ट्रान्सफरपर्यंतचा हिशेब धरला तर तपासणी केलेल्या गटात ७७.२ टक्के आणि न केलेल्या गटात ८१.८ टक्के जणींना बाळ झालं. त्या स्त्रिया २० ते ३७ वयाच्या होत्या आणि त्यांच्याकडे चांगली भ्रूणं किमान तीन होती, म्हणून हे आकडे तुमच्यावर जसेच्या तसे बसवू नका. गर्भपात टळावा, वाया जाणाऱ्या ट्रान्सफरचे महिने वाचावेत, हे तपासणीचं खरं कारण असू शकतं, आणि ३७ व्या वर्षी महिन्यांना किंमत आहे. पण तुमची भ्रूणं आधीच गोठवलेली आहेत. तपासणीसाठी ती वितळवायची, पेशी काढायच्या आणि बहुधा पुन्हा गोठवायची. तीनच हाताशी असताना एकही या खटाटोपात गमावणं परवडणारं नाही.

माझ्या मते तुमच्या पैशांतून सगळ्यात जास्त मोल मिळेल ते आणखी एका प्रयत्नाला. पुढचं ट्रान्सफर आणि ग्लू हाताशी असलेल्या बचतीतून करा. पॅकेजमधून वाचलेली रक्कम त्यानंतरच्या ट्रान्सफरसाठी वेगळ्या खात्यात, मोडता येईल अशा मुदत ठेवीत ठेवा. सहा महिन्यांच्या घरखर्चाला हात लावू नका, कारण या उपचारांत बिनपगारी रजा अचानक घ्यावी लागते. कर्ज काढलंच, तर ते ट्रान्सफरसाठी असू दे, जोडसेवांसाठी नको. आणि तिसऱ्या भ्रूणानंतर नव्या सायकलला, म्हणजे स्त्रीबीजं काढण्यापासूनच्या नव्या फेरीला, जास्तीत जास्त किती पैसे घालायचे, तो आकडा दोघांनी आजच, निकालाच्या दडपणाखाली नसताना लिहून ठेवा.